राखणदोर

१

उस्ताद पडले तेव्हा त्या काचेच्या इमारतीतल्या निम्म्या लोकांचा सकाळचा चहासुद्धा झाला नव्हता. आवाज ऐकून जे बाहेर धावले त्यांना आधी वाटलं, बांधकामाचं काही सामान निसटलं असेल. मग कुणीतरी चादर मागितली, आणि चादर मागितली म्हणजे काय झालं ते सगळ्यांनाच कळतं.

फौजदारबाई फाटकातून आत शिरल्या त्या नेमक्या याच वेळी. त्या आता फौजदार नव्हत्या, निवृत्त झाल्या होत्या, पण नोकरी सुटली तरी हाक काही सुटत नाही. आज त्या तपासाला आल्या नव्हत्याच. उस्तादांनीच बोलावलं होतं. आदल्या दिवशी फोनवर म्हणाले होते, "सकाळी या. पहिली फेरी संपवून खाली उतरतो आणि तुमचा भाऊ कुठे आहे ते सांगतो. फार उशीर केला मी." आणि बाईंना काही विचारायची संधी न देता त्यांनी फोन ठेवला होता.

भाऊ म्हणजे त्यांच्याहून थोरला, सडपातळ, तुरुतुरु चालणारा एक पोरगा. सैन्यात गेला आणि तिथून त्याला मुंगूस नावाच्या तुकडीत घेतलं. अंधारात दोराने उतरायचं, काम उरकायचं आणि आलो होतो याची खूणही मागे ठेवायची नाही, अशी ती तुकडी. तिथे त्याला चिमणा म्हणत, आणि उस्ताद तिथले म्होरके. एका मोहिमेवर गेला आणि परत आला नाही. पुढे तुकडीच मोडली, कागद जाळले, आणि घरी पत्र आलं की असा कुणी माणूस आमच्याकडे कधी भरतीच झाला नव्हता. गावातले लोक म्हणाले, पळून गेला असेल. आईने ते ऐकून घेतलं आणि तेव्हापासून तिचा एकच धोशा होता, की मरायच्या आधी तो कुठे आहे तेवढं सांगा.

चौकीवरचा तरुण अधिकारी एकेकाळी बाईंच्याच हाताखाली शिकलेला. त्याने त्यांना चादर उचलू दिली, आणि अपघात कसा झाला ते सांगूनही टाकलं. गच्चीच्या कठड्यावर अलीकडेच धातूची नवी पट्टी बसवली होती. दोराखाली घातलेलं गोणपाट सरकलं, पट्टीची धार दोराला लागली आणि दोर तुटला. बाईंनी वर जाऊन पाहिलं. ते सगळं खरं होतं, आणि त्यात कोडं असं काही नव्हतं.

कोडं दुसऱ्या दोराचं होतं. तुकडी मोडल्यावर उस्ताद आणि त्यांचे जुने सोबती इमारतींच्या काचा पुसत, आणि त्यासाठी उतरत ते दोन दोरांवर. एकावर भार द्यायचा. दुसरा बारीक, त्याला ती राखणदोर म्हणत. तो कमरेच्या कडीत अडकवलेल्या एका खटक्यातून जाई. मोठा दोर सुटला की खटका दाबायचा, तो राखणदोराला कडकडून चावतो आणि माणूस जागच्या जागी लटकतो. असं पूर्वी दोनतीनदा झालंही होतं आणि दर वेळी माणूस हसत वर आला होता. आज राखणदोर शाबूत होता. खटकाही शाबूत होता, उस्तादांच्या डाव्या कमरेला. तो दाबलेलाच नव्हता.

अधिकारी म्हणाला, म्हातारा माणूस, गडबडला असेल. बाईंनी उस्तादांचा उजवा हात पाहिला. हातमोज्याची बोटं आवळलेली होती, आणि उजव्या कमरेवर विजारीचं कापड फाटेस्तोवर ओरबाडलेलं होतं. गडबडलेला माणूस हवेत हात मारतो. हा माणूस शेवटच्या क्षणी एकाच जागी काहीतरी शोधत होता.

मग त्यांनी उस्तादांना जरा कुशीवर वळवलं. अंगावरच्या पट्ट्याची एक वादी पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध ओवलेली होती आणि तिचं टोक नीट आत खोचलेलं होतं. स्वतःच्या पाठीवर असं टोक कुणाला खोचता येत नाही. आणि उस्तादांचे तिन्ही सोबती तर शपथेवर सांगत होते, की सकाळपासून आपण गच्चीवर पाऊलही ठेवलेलं नाही.

२

बाई घरी आल्या तेव्हा दादा आधीच पोचला होता आणि कप विसळत होता.

तिघा सोबत्यांपैकी हा एक. बाईंचा सख्खा भाऊ नव्हे, पण सख्ख्याच्या वर. तुकडी मोडल्यावर तो एके दिवशी दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, मी तिथल्या भटारखान्यात होतो, चिमण्याला रोज जेवायला वाढायचो, त्याच्या शेवटच्या मोहिमेबद्दल मला काही माहीत नाही. आईने त्याला आत घेतलं आणि मग तो गेलाच नाही म्हणा ना. औषधं तो आणायचा, गळका नळ तो बांधायचा. आई त्याला थोरल्या म्हणू लागली. सोबत्यांच्या काचा पुसायच्या धंद्यात तो गाडी चालवायचा आणि बादल्या भरायचा. उंचीची भीती वाटते म्हणून दोराला कधी शिवला नाही.

स्वयंपाकी म्हणून मात्र त्याची कीर्ती काही औरच होती. त्याने एकदाच या घरात भाजी केली होती आणि ते पातेलं अजून घासलं जात होतं. आई म्हणायची, "ज्या तुकडीचा आचारी हा, ती मोडेल नाही तर काय होईल." दादा हसायचा आणि मान खाली घालायचा.

आज आई हसण्याच्या मनःस्थितीत नव्हती. उस्ताद गेल्याचं तिला दादाने सांगितलं होतं. लेकीला पाहताच तिने विचारलं, "बोलला का काही तो, जायच्या आधी?"

बाई नाही म्हणाल्या. आईने डोळे मिटून घेतले. काल जेवताना बाईंनी फोनची बातमी सांगितली तेव्हा याच म्हातारीने दुसऱ्यांदा वाढून घेतलं होतं आणि इकडचं तिकडचं बडबडत बसली होती. दादाने मात्र भरलं ताट तसंच पुढे सरकवलं होतं. आता आईच्या चेहऱ्यावर काहीच उरलं नव्हतं.

"थोरल्या, पट्टा बांध रे," आई म्हणाली. तिच्या पाठीचं दुखणं जुनं होतं, कमरेला पट्टा बांधल्याशिवाय तिला उठता येत नसे. दादाने हात पुसले, तो तिच्या मागे गेला आणि पट्टा आवळून बक्कल डाव्या बाजूला लावलं. आई डावखुरी, तिला ते तिथेच बरं पडे. बाईंना ऐकवायची संधी आई अशाही दिवशी सोडणार नव्हती. म्हणाली, "पहिल्यांदा बांधला तेव्हासुद्धा न सांगता डावीकडेच लावलं याने. मी डावखुरी आहे हे अजून त्याने पाहिलंही नव्हतं. मायेला कळतं सगळं. तुला अजून सांगावं लागतं."

 बादल्या आणायच्यात म्हणून दादा निघून गेला.

३

बोका म्हणजे तिघांतला बोलका. कुठूनही पडला तरी चार पायांवर उभा राहणारा, म्हणून बोका. गिऱ्हाइकं तोच पटवायचा. बाई गेल्या तेव्हा तो धंद्याच्या पत्र्याच्या खोलीत वाळत घातलेल्या दोरांखाली बसला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्याकडे सांगायला विनोद नव्हता.

उस्तादांना रोज सकाळी तोच बांधत असे, हे त्याने आपणहून सांगितलं. आज मात्र उशीर झाला, चाक पंक्चर झालं होतं, पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. बाईंनी ते सगळं ऐकून घेतलं. मग त्याच्या बुटांकडे बोट केलं. बुटांवर साबणाच्या पाण्याचा पांढरा थर सुकला होता. बादल्या भरायच्या त्या नळघरात आज सकाळीच साबणाचं पाणी सांडलं होतं, आणि पोलिसांनी येताक्षणी नळघराला कुलूप घातलं होतं. म्हणजे बोका आधीच आला होता.

बोक्याने मग लपवाछपवी केली नाही. महिनाभर त्याला उंचावर गेलं की घेरी येत होती. कठड्याजवळ गेलं की इमारत हलल्यासारखी वाटे. कुणाला सांगायची लाज वाटली. बोक्याला चक्कर येते हे ऐकून लोक काय म्हणतील. म्हणून आज तो नळघरात भिंतीला पाठ लावून बसून राहिला, आणि उस्ताद वर वाट बघून कंटाळतील आणि कामच रद्द करतील अशी आशा करत राहिला.

"मी वर गेलो असतो तर ते जिवंत असते," तो म्हणाला. "हे माझ्या मानेवर बसलंय, बाई. ते आता उतरायचं नाही."

उस्तादांनी मला बोलावलं होतं हे माहीत होतं का, असं बाईंनी विचारलं. त्याला माहीत नव्हतं, आणि तोंड इतकं कोरं होतं की विश्वास ठेवावाच लागला. मग त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, की खटका तू कोणत्या बाजूला लावायचास.

"उजव्या. दुसऱ्या कुठे? त्यांच्या डाव्या हाताला दोनच बोटं होती."

"आज डावीकडे होता."

 बोक्याने उठून खोलीचं दार लावून घेतलं आणि तो परत बसला. एवढंच म्हणाला, की पुढचं मला विचारू नका, लोहाराला विचारा, आणि त्याने नाही सांगितलं तर सोडून द्या.

४

लोहार काही लोहार नव्हता. दोर, कड्या, खटके यांची निगा तो राखायचा म्हणून लोहार. आता त्याची बोटं संधिवाताने मुळांसारखी वाकडी झाली होती. बाईंच्या समोर त्याला चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरावा लागला. पाठीवरची अरुंद वादी ओवणं या हातांचं काम नव्हे हे त्यांनी मनात नोंदवून ठेवलं.

तो कडवट माणूस होता आणि त्याला तसं असायचा हक्क होता. म्हणाला, जगात अशा तुकड्या थोड्या का झाल्या. गरज पडली की उभ्या करायच्या, घाण काम करून घ्यायचं, आणि वास यायला लागला की झाडून टाकायच्या. प्रत्येक देशाच्या केरात आमच्यासारखे सापडतील. मुंगूस मोडली त्या सकाळी आम्हाला रांगेत उभं केलं, छातीवरची चिन्हं एका बादलीत टाकायला लावली, आणि एक साहेब म्हणाला, तुम्ही इथे कधीच नव्हता. तोवर न्याहारीही झाली नव्हती आमची, आणि मग कुणी विचारलीही नाही.

मग बाईंनी खटक्याची बाजू विचारली, आणि लोहाराने त्यांना बांधण्याची रीत सांगितली.

मुंगूस तुकडीत कुणी स्वतःला बांधत नसे. दोघांची जोडी ठरलेली, आणि जोडीदाराने जोडीदाराला बांधायचं. मागून उभं राहून वादी ओवायची. खटका लावायचा तो समोरच्याच्या चालत्या हाताकडे. मग पट्टा दोनदा ओढायचा आणि पाठीवर थाप मारायची. थाप पडली की बांधलेल्याने कड्यावरून उतरायचं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, जोडीदाराने बांधलेल्याला हात लावून बघायचं नाही. तो अपमान. खात्री करून घेणारा माणूस तिथे एक दिवस टिकत नसे.

"म्हणजे उस्तादांनीही हात लावून पाहिलं नसणार," बाई म्हणाल्या.

"मरतील पण पाहणार नाहीत," लोहार म्हणाला.

धागा न सोडता बाई बोलत राहिल्या. ज्याने बांधलं त्याला रीत माहीत होती. उस्तादांना मारायचंच असतं तर त्याने वादी अर्धवट ओवली असती. पण बांधणी चोख होती, फक्त बाजू चुकली होती. हा डाव नव्हता, ही सवय होती. वर्षानुवर्षं कुणा डावखुऱ्याला बांधलेल्या हाताची सवय. भलतंच काही मनात असताना हात आपोआप डावीकडे गेला. तेव्हा तुकडीत डावखुरे किती होते, एवढंच सांगा.

लोहाराने कप खाली ठेवला. "एकच."

उत्तर बाईंना ठाऊक होतं. लहानपणी त्याच डाव्या हाताच्या चापट्या त्यांनी खाल्ल्या होत्या.

"त्याचा जोडीदार कोण होता?"

लोहाराने मान हलवली. जोडी कुणाची कुणाशी हे बाहेर सांगायचं नाही अशी शपथ होती. बाई चिडल्या. म्हणाल्या, ज्यांनी शपथ घ्यायला लावली त्यांनी तुमची नावंसुद्धा जाळली, आणि तुम्ही अजून त्यांची राखण करताय.

"तुकडी त्यांची होती, ती त्यांनी मोडली," लोहार म्हणाला. "शपथ आमची आहे." मग उठून दाराशी जाताना, बाईंकडे न बघता, त्याने विचारलं, "बाई, तुम्हाला खरंच कळायला हवंय का? घरी जा. आईंजवळ बसा."

५

बाई घरी आल्या आणि आईजवळ बसल्या. आईला उठून खिडकीशी जायचं होतं. दादा नव्हता, म्हणून पट्टा लेकीने बांधला. आठवणीने डावीकडे बांधला, तरी आईचं समाधान होईना. काहीतरी राहिल्यासारखं वाटतं, म्हणाली.

"आता काय राहिलं?"

"थोरला बांधतो तेव्हा मागून दोनदा ओढतो. मग पाठीवर एक थाप देतो. ती थाप पडली की मला उठायचा धीर येतो."

बाईंचा हात आईच्या पाठीवर तसाच राहिला. कितीदा तरी त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि माया समजून सोडून दिलं होतं. भाजी करपवणारा आचारी. न सांगता डावीकडे गेलेला हात. काल न जेवता सरकवलेलं ताट. उस्ताद बोलणार आहेत हे बोक्याला माहीत नव्हतं, लोहाराच्या बोटांना वादी ओवणं जमणारं नव्हतं. फोनची बातमी त्यांनी स्वतः या घरात, जेवताना, तिघांच्या पंगतीत सांगितली होती.

"मार ना थाप," आई म्हणाली.

बाईंनी थाप मारली. मग मोरीत जाऊन नळ मोठा सोडला आणि त्या पाण्याच्या आवाजात पोटभर रडून घेतलं.

६

दुपारी त्यांनी दादाला त्या काचेच्या इमारतीच्या गच्चीवर बोलावलं. ज्याला उंचीची भीती वाटते तो माणूस सरळ कठड्यापर्यंत चालत गेला आणि खाली बघत उभा राहिला. आता लपवायला काही उरलं नाही हे त्याला निरोप मिळाला तेव्हाच कळलं असावं.

बाईंनी विचारण्याआधी त्याने सांगायला सुरुवात केली. तो तुटक बोलत होता, आणि मध्येमध्ये थांबून त्या धातूच्या पट्टीवरून बोट फिरवत होता. चिमण्याला तोच बांधत असे. शेवटच्या मोहिमेत कड्यावरून परत चढताना चिमण्याला गोळी लागली. तो दोरावर लटकून राहिला. वर ओढायला गेलं की ओरडायचा. खालच्या पहाऱ्याला आवाज गेला असता तर सगळेच संपले असते. उस्तादांनी हाताने खूण केली. तुकडीचा नियम असा, की बांधलं ज्याने, दोर कापून सोडायचंही त्यानेच.

"तो आईला हाका मारत होता," दादा म्हणाला. "म्हणून मी आईकडे आलो. तिला सांगायला आलो होतो, ताई. तिने पाणी दिलं, बस म्हणाली. मग जमलं नाही."

बाई पाण्याच्या टाकीला टेकून उभ्या होत्या. त्यांना या माणसाच्या थोबाडीत मारावंसं वाटत होतं, आणि त्याला जवळही घ्यावंसं वाटत होतं. दोन्ही जमलं नाही. त्यांनी तपासातला प्रश्न विचारला, कारण तेवढंच त्यांना येत होतं.

त्याने तेही सांगितलं. काल फोनची बातमी ऐकली आणि सकाळी तो उस्तादांच्या पाया पडायला वर आला. म्हणाला, सांगू नका. उस्ताद म्हणाले, आपण म्हातारे झालो, चिमण्याची आई आपल्याहून म्हातारी, कुणाच्या तरी तोंडून तिला खरं कळू दे. मग पाठ करून उभे राहिले आणि म्हणाले, बोका आला नाही, तू बांध. त्याने बांधलं. डोक्यात सगळा चिमणाच होता.

"डावीकडे लावलाय हे कधी दिसलं?"

"ते कठडा ओलांडून गेले तेव्हा."

"मग?"

"हाक मारायला तोंड उघडलं. तेवढ्यात मनात आलं, हे खाली पोचले की आई मला पुन्हा थोरल्या म्हणणार नाही." तो थांबला. "मग गोणपाट सरकलं. तेही दिसलं. दोर पट्टीवर घासायला लागला. मी नुसता बघत उभा होतो. हात चुकला होता ताई, पण तोंड नव्हतं चुकलं."

खाली रस्त्यावर गाड्या जात होत्या. बाईंनी शेवटचा प्रश्न विचारला. खरं म्हणजे तोच पहिला होता, आणि त्याच्याचसाठी त्या सकाळी फाटकातून आत आल्या होत्या.

"तो कडा कुठे आहे?"

दादाने त्यांच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांतली भीती पाहूनच बाईंना उत्तर कळलं.

"आम्हाला अंधारात न्यायचे आणि अंधारातच आणायचे. देश कोणता तेही सांगत नसत. नकाशा एकट्या उस्तादांना पाठ असायचा."

७

तरीही बाई चौकीवर गेल्या. इतकी वर्षं लोकांना कायद्याचा हवाला दिला होता, आता स्वतःपुरता तो कसा टाळणार. तरुण अधिकाऱ्याने सगळं नीट ऐकून घेतलं. तो चांगला मुलगा होता. त्याने दादाला आत बोलावून त्याचंही ऐकलं, आणि मग दोघांना चहा सांगितला.

म्हणाला, मॅडम, खटका डावीकडे होता म्हणून गुन्हा, हे मला कोर्टात सिद्ध करायला लागेल. त्यासाठी हा माणूस डावखुऱ्याला बांधत होता हे दाखवावं लागेल. त्यासाठी तुकडी दाखवावी लागेल. मी आत्ताच वर फोन लावून विचारलं. अशी तुकडी कधीही नव्हती. हे काका कधी सैन्यात नव्हते. यांच्या कबुलीला एका भ्रमिष्ट म्हाताऱ्याच्या बडबडीपेक्षा जास्त किंमत नाही.

"माझा भाऊ होता," बाई म्हणाल्या.

"लष्कराच्या कागदावर तुमचा भाऊच नाही, मॅडम. त्याचा डावा हात मी कुठून आणू?"

अपघात, असा शेरा मारून त्याने प्रकरण मिटवलं. दादा चौकीच्या पायरीवर बसून राहिला. तुरुंगाचीसुद्धा आशा करावी आणि तीही मिळू नये, असं त्याचं तोंड झालं होतं. बाई त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या. आईला हे सांगितलं तर मुलगा कुठे आहे ते तिला कळणार नव्हतंच, फक्त कसा गेला ते कळणार होतं, आणि दुसरा मुलगाही जाणार होता. नाही सांगितलं तर मरेपर्यंत वाट बघत राहणार होती. दोन्हीकडे दरीच होती. बाईंनी बराच विचार केला, आणि विचार करून काही फरक पडत नाही हेही त्यांना कळलं.

"आई वाट बघत असेल," शेवटी त्या म्हणाल्या. "पट्टा बांधायचा राहिलाय."

आई पलंगावर बसली होती. दोघांना एकदम पाहून तिने विचारलं, काही कळलं का. बाई म्हणाल्या, तो कुठे आहे ते उस्तादांबरोबर गेलं. यात एक अक्षरही खोटं नव्हतं. आईने मान डोलावली. मग म्हणाली, आता नका शोधू कुणी, दमले मी.

दादा तिच्या मागे गेला. पट्टा आवळला. बक्कल डावीकडे लावलं, दोनदा ओढलं आणि तो थांबला.

"थाप?" आई म्हणाली.

त्याने थाप दिली. आई निश्चिंतपणे उठून उभी राहिली. पट्ट्याला तिने हातही लावला नाही, आजवर कधी लावलाच नव्हता.

मग फौजदारबाई पुढे झाल्या. आईच्या मागे वाकून त्यांनी बक्कल दोन बोटांत धरलं, ओढून पाहिलं आणि नीट बसलंय याची खात्री करून घेतली. आईला वाटलं, लेक कपडे सारखे करते आहे. दादा ते बघत होता. त्याने टेबलावरचे कप उचलले आणि तो ते विसळायला आत गेला.